लाल फ्यूज

ता. ४, मंगळवार

ही दैनंदिनी विमा कंपनीने फुकट दिली होती आणि इतके दिवस फोनच्या टेबलाचा लंगडा पाय सावरून होती. आज तिची बढती झाली. मेहुण्याची नवी गाडी म्हणे आपली सगळी नोंद आपल्याच पोटात ठेवते. माझ्या गाडीलाही पोट आहे, पण त्यात जॅक आणि एक जुनी चप्पल आहे. तेव्हा तिची नोंद मलाच ठेवावी लागणार.

घटना अशी. भाजी घेऊन परत येताना एक सायकलवाला गल्लीतून थेट माझ्या पुढ्यात. मी पायाने ब्रेक दाबला आणि अख्ख्या तळहाताने हॉर्न. हॉर्न 'पोंऽऽ' करून निघाला आणि घसा बसावा तसा मध्येच गप्प झाला. सायकलवाला हसला. वाजला नाही त्याचं काही नाही, पण तो हसला हे लागलं.

घरी येऊन स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. आत फ्यूज ओळीने बसलेले असतात, दातांसारखे. एकाच्या पोटातली तार तुटली होती. फ्यूजचं काम एवढंच, की वीज जास्त आली तर आपण जळायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे.

दुकानातून सगळ्या प्रकारच्या फ्यूजची एक डबी आणली. दुकानदार म्हणाला, "जुना बघा आणि तसाच लावा." जुना लाल होता. डबीतही लाल भरपूर निघाले, निम्मे तरी. काही जास्त लाल, काही कमी लाल. हल्ली कारखान्यांत रंगाची शिस्त राहिलेली नाही. त्यातला एक बसवला आणि हॉर्न वाजवून बघितला. खणखणीत.

ही दारातून म्हणाली, "अहो, त्याच्यावर आकडा असतो. चष्मा लावून बघा की."

म्हटलं, "पाणीखात्यात मीटरचे आकडे वाचण्यात जन्म गेला माझा. निवृत्तीनंतर बारीक आकडा वाचणार नाही अशी शपथ घेतलीये. खरा कारागीर रंगावरून ओळखतो."

"तुम्ही? रंगावरून?" एवढंच म्हणून ती आत गेली. कौतुक तोंडावर करायची तिला सवय नाही.

ता. ५, बुधवार

फ्यूज गेला. शाळेच्या फाटकाशी एक बाई रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून दुसऱ्या बाईशी बोलत होत्या. ब्रेक, हॉर्न, पोंऽऽ, गप्प. घरी येऊन दुसरा लाल बसवला.

संध्याकाळी ठकूचा फोन आला. ठकू म्हणजे आमची एकुलती एक लेक. खरं नाव आहे, पण ते कागदपत्रांपुरतं. दोन वर्षांनी येतेय! तेवीस तारखेला, रविवारी, सकाळच्या रेल्वेने. म्हणाली, "बाबा, तूच ये हं न्यायला. आपल्या गाडीतून." आवाज नीट येत नाही असं सांगून मी हे तिला पुन्हा म्हणायला लावलं. आवाज उत्तम येत होता.

फोन ठेवला आणि हिने निकाल दिला. "ज्या गाडीचा हॉर्न वाजत नाही आणि ब्रेक दाबला तरी मागचे दिवे लागत नाहीत, त्या गाडीतून माझी लेक येणार नाही. बावीस तारखेपर्यंत फ्यूज जायचा थांबला तर तुम्ही जा. नाहीतर दादा आणेल तिला."

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ, तोच तो नव्या गाडीवाला मेहुणा. ठकू शाळेच्या सहलीवरून येवो नाहीतर वसतिगृहातून, उतरल्यावर समोर मी आणि ही गाडी. कधी चुकलं नाही. तिला मेहुण्याने आणायचं तर मी घरी बसून काय करायचं? उशांचे अभ्रे बदलायचे?

फ्यूज थांबलाच पाहिजे.

ता. ७, शुक्रवार

कारण सापडलं. उंदीर.

पायाखालच्या रबरी चटईचा कोपरा कुरतडलेला आहे. ही म्हणते ती चटई घेतली तेव्हापासून तशीच आहे. असो. काल सीटखाली सापळा लावला, आतल्या पावाच्या तुकड्याला खोबऱ्याचं तेल. आज सापळ्यात सापडला तो माझ्या उजव्या पायाचा अंगठा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पाय दाखवला.

मलम लावताना ही म्हणाली, "आज मोजे तुमचे तुम्ही काढलेत वाटतं कपाटातून?"

"हो. का?"

"एक हिरवा आहे, एक तपकिरी."

मी दोन्ही पाय उजेडात धरून बघितले. दोन्ही तपकिरी. पण जखमी माणसाने वाद घालू नये.

फ्यूज दुपारी पुन्हा गेला. म्हणजे उंदीर अजून मोकळा आहे.

ता. ९, रविवार

उंदीर नव्हे, दमट हवा. आत ओल धरत असणार. हिचं केस वाळवायचं यंत्र घेतलं, खिडकीतून लांब वायर खाली सोडली आणि फ्यूजच्या कप्प्यात तासभर गरम वारा घातला. गाडी कोरडी ठणठणीत झाली. घरातली वीज मात्र गेली. मजल्यावरच्या शेजाऱ्यांचीही गेली, असं त्यांच्या ओरडण्यावरून कळलं.

नेमका त्याच वेळी मेहुणा नवी गाडी दाखवायला हजर. दुष्काळात तेरावा महिना! त्याची गाडी मागे येताना बाईच्या आवाजात बोलते. "मागे अडथळा आहे," असं ती म्हणाली, आणि मागे मी होतो.

"दाजी, रंग बघा. बाटलीचा हिरवा!" मेहुणा बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला.

मला ती ओल्या पोत्याच्या रंगाची वाटते. पण पाहुण्याचं मन कशाला मोडा? "छान," म्हटलं.

"तेवीसला मी मोकळा आहे हं. ठकूसाठी गाडी धुऊनच ठेवतो."

"धुऊन ठेव," मी म्हटलं. "आणि तिथेच ठेव."

ता. ११, मंगळवार

आज ही माझ्याबरोबर बाजारात आली होती. सिग्नलला थांबलो की ही पुटपुटते, "हिरवा." लग्न झाल्यापासूनची खोड. ठकूने ती हिच्याकडून उचलली. चार वर्षांची असल्यापासून मागच्या सीटवरून मुंडकं पुढे काढून ओरडायची, "बाबा, लाल! बाबा, हिरवा!" तिला तो खेळ फार आवडायचा, म्हणून मी कधी थांबवलं नाही. नाहीतर मला काय गरज? वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा, हे शेंबडं पोरही सांगेल.

येताना एक टॅक्सी डावीकडून घुसली. ब्रेक, हॉर्न, पोंऽऽ, गप्प. ही शांतपणे म्हणाली, "मी बघतेय. तुम्ही चिडलात की फ्यूज जातो."

"मी चिडत नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं की टॅक्सीवाल्याने मागे वळून बघितलं.

आता शांत डोक्याने विचार करतो तर तिचं खरं आहे. सायकलवाल्यावर चिडलो, फ्यूज गेला. शाळेपाशी चिडलो, गेला. टॅक्सीवर चिडलो, गेला. एरवी साधा हॉर्न वाजवला तर काही होत नाही. गाडी माझ्याबरोबर अठरा वर्षं आहे. माणसाला लळा लागतो तसा यंत्रालाही लागत असेल. माझं बिघडलं की तिचं बिघडतं.

पण हे हिला सांगितलं नाही. आधीच भाव खाते.

ता. १३, गुरुवार

शेवटी हिच्या आग्रहावरून बॅटरीवाल्या ताईंकडे गेलो. चौकापलीकडे त्यांचं छोटं गॅरेज आहे, गाड्यांच्या विजेची कामं त्या करतात. ताईंनी कप्पा उघडला, जळका फ्यूज चिमट्याने काढून उजेडात धरला.

"काका, हा तुम्ही लावला?"

"मीच."

"आणि आधीचा कसा होता?"

"लाल. हाही लालच आहे."

ताईंनी फ्यूजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. "अहो काका, हा तर..." तेवढ्यात हिचा पाय ताईंच्या पायावर पडला. गॅरेजमध्ये जागा फारच कमी आहे.

"अहो, जरा समोरून तीन चहा सांगून या ना," ही मला म्हणाली.

मी चहा सांगून आलो तर दोघी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. 'तपकिरी' एवढा एक शब्द ऐकू आला. दोन बायका भेटल्या की बोलणं कपड्यांवर जाणार, मग शेजारी गाडी उघडी पडलेली का असेना.

मग ताईंनी मला नीट समजावलं. "काका, तुमच्या गाडीत हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर आहेत. दोन्ही एकदम लांब दाबलं की ताकद जास्त लागते. मी दहा अँपिअरचा लावलाय. हा तसाच राहू द्या."

"कुठल्या रंगाचा आहे?"

"लाल," ताई म्हणाल्या, हिच्याकडे बघत.

"मग मीही लालच लावला होता! माझ्यात काय वाईट होतं?"

"वाईट नाही हो काका. तुमचा जरा... नाजूक होता."

निघताना त्या पुन्हा म्हणाल्या, "राहू द्या हं तसाच." आणि गाडी वळवताना आणखी एकदा. बाईंना एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची सवय आहे.

ता. १६, रविवार

तीन दिवस फ्यूज टिकला. चिडून बघितलं, ब्रेक दाबून हॉर्न वाजवून बघितला, तरी टिकला. हिचा चेहरा उजळला आहे. मेहुण्याला तिने फोनवर सांगितलं की बहुतेक गरज पडणार नाही. तो "अरे वा" म्हणाला म्हणे. कसल्या सुरात, ते मला विचारायचं होतं.

पण मला एक गोष्ट खात होती. ठकूला आणायला गाडी माझी, चालवणारा मी, आणि फ्यूज मात्र बाहेरच्या माणसाच्या हातचा? ठकूने विचारलं, 'बाबा, कुणी नीट केली रे?' तर काय सांगू? शिवाय ताईंनी रंग लाल म्हणून सांगितलाच आहे, आणि माझ्याकडे डबीभर लाल आहेत.

म्हणून आज ताईंचा काढला आणि माझ्या डबीतला, चांगला ताजा, बसवला. ताईंचा फ्यूज डबीत टाकला. लालांत लाल मिसळला, आता कुठला कुणाचा ते ओळखूही येत नाही.

ता. १७, सोमवार

गेला.

बसच्या मागे होतो. चिडलोसुद्धा नव्हतो फारसा.

हिला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "ताईंनी लावलेला काढलात तुम्ही?"

"काढला. पण दुसरा लालच लावला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रुमालात तोंड घालून आतल्या खोलीत गेली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मागून कळत नाही. मी दाराशी उभा राहिलो, पण विचारायचं धाडस झालं नाही. मला फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. एका फ्यूजपायी बायकोला रडवलं, किंवा हसवलं. दोन्ही वाईटच.

थोड्या वेळाने बाहेर येऊन ती म्हणाली, "दादाला सांगून ठेवते. गरज पडलीच तर असू दे."

मी "बरं" म्हटलं. आणि उशांचे अभ्रे कुठल्या कपाटात असतात ते विचारून घेतलं.

ता. १८, मंगळवार

मेहुणा वेळ ठरवायला आला होता. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "दाजी, रागावू नका, पण एकदा डोळे तपासून घ्या. मला वाटतं तुम्हाला रंगांचं..."

"दादा!" ही स्वयंपाकघरातून अशी कडाडली की त्याच्या बशीतला चमचा खाली पडला. "चहा पी आणि गप्प बस."

तो वाकून चमचा शोधू लागला. पण जखमेवर मीठ चोळलं गेलं ते गेलंच.

डोळ्यांचं माझ्यापुढे काढू नये. विशीत मला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षेत वर आलो, तब्येतीत पास झालो. शेवटी एका खोलीत एका साहेबाने ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, "ह्यात आकडा कुठला दिसतो?" आकडा नव्हताच. नुसते ठिपके. पान उलटलं, तिथेही ठिपके. माझ्यामागच्या मुलाने 'चौऱ्याहत्तर' असं बिनदिक्कत ठोकून दिलं आणि त्याला इंजिन मिळालं. मी खरं बोललो आणि घरी आलो. पुढे मीटरचे आकडे वाचायची नोकरी लागली. तिथे निदान आकडे तरी असायचे.

हे मी जगात फक्त हिला सांगितलं आहे, लग्न ठरल्यावर. तेव्हा तिने त्या ठिपक्यांबद्दल दोनदा खोदून विचारलं होतं. मग म्हणाली होती, "त्या साहेबाचंच चुकलं." त्या दिवसापासून ह्या बाईवर माझा डोळे मिटून विश्वास आहे.

ता. २०, गुरुवार

उंदीर परत आला आहे! आणि ह्या वेळी त्याने कमाल केली.

सकाळी फ्यूजची डबी उघडली तर निम्मी रिकामी. निळे, पिवळे होते तसे आहेत. लाल मात्र मोजकेच उरलेत. जे जरा कमी लाल होते तेच नेमके गायब. निवडून निवडून कच्चा माल नेला. उंदराला आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

हिला हे सांगायला गेलो तर ती शिवणाचा डबा फळीवर ठेवत होती. डबा खुळखुळला.

"काय आहे गं त्यात?"

"बटणं."

मी उंदराची हकिगत सांगितली. ती अगदी गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, "असू दे. उरलेल्यांतला एक लावा ना. तुम्हाला आवडेल तो. तुमच्याच हाताने लावा."

बायकोने इतकं समजून घ्यावं, ह्याला नशीब लागतं. एक निवडला, नीट पुसला आणि बसवला.

ता. २२, शनिवार

आज शेवटची परीक्षा. ही शेजारी बसली. मी ठरवलंच होतं, की काही झालं तरी चिडायचं नाही. एका कुत्र्याला रस्ता ओलांडू दिला. मग त्या कुत्र्याला वाटलं उलट जावं, तेही जाऊ दिलं. एका टॅक्सीवाल्याला हाताने 'आधी तुम्ही' अशी खूण केली. तो बिचारा घाबरून जागेवरच थांबला. मग आम्ही दोघंही थांबलो आणि मागे रांग लागली.

"आता ब्रेक दाबून एकदा लांब हॉर्न वाजवा," ही म्हणाली. "खात्री होऊ दे."

"नाही. तसा हॉर्न राग आल्याशिवाय येत नाही, आणि मी राग सोडला आहे."

"अहो, नुसता वाजवा ना! काही होणार नाही. मी सांगते ना!"

"तुला गं काय माहीत?"

ती काहीतरी बोलणार होती. मग खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "उद्या तुम्हीच चला. दादा आपल्या मागून येईल, नुसता सोबतीला."

मी जाणार! पण हॉर्नची परीक्षा झालेली नाही. उद्या मला रस्त्याने शांत राहायचंच आहे. बुटांना पॉलिश केलं, दोनदा.

ता. २३, रविवार

सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं पुढे, मेहुणा त्याची ओल्या पोत्याच्या रंगाची गाडी घेऊन मागे. आरशात तो सारखा दिसत होता. मी चिडलो नाही. स्टेशनच्या आवारात गाडी लावली. फलाटावर उभं राहिलो तेव्हा लांबून इंजिन आलं. चालक खिडकीत कोपर ठेवून बसला होता. चौऱ्याहत्तरवाला तर नव्हे, असं नेहमीप्रमाणे मनात आलंच, तोही आता निवृत्त झाला असणार तरी. मग डब्यातून ठकू उतरली आणि मी चालकाला विसरलो.

केस आखूड केलेत. बारीक झालीये, पण बॅगा मात्र जाडजूड. मी काहीतरी ठरवून बोलणार होतो, ते राहिलंच. नुसता "आलीस?" म्हटलं, जणू ती वाण्याकडे जाऊन आली होती. ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "गाडी आणलीस?"

"ती काय!"

बाहेर आलो तर मेहुणा आपल्या गाडीभोवती फेऱ्या मारत होता. गाडी त्याला ओळखेना. तिला किल्ली लागत नाही, खिशात एक डबीसारखी वस्तू ठेवली की दार आपोआप उघडतं, आणि त्या डबीतली बॅटरी संपली होती. त्याने ती डबी काचेला लावून बघितली, गालाला घासली, दोन्ही हातांत धरून तिच्यावर फुंकर घातली. आतून त्या बाईने चकार शब्द काढला नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिच्याबद्दल पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

"ये रे," मी म्हटलं. "आमच्यात बस."

ठकू पुढे, ही आणि मेहुणा मागे. डिकी भरली तरी एक बॅग उरलीच, ती मेहुण्याच्या मांडीवर. बॅगेच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते.

पहिल्या सिग्नलला थांबलो. ठकू समोर बघत होती. "हिरवा, बाबा."

"अगं, मला दिसतोय."

"माहितीये," ती म्हणाली. "तरी सांगते."

मागे ही एकदम नाक पुसायला लागली. स्टेशनवर धूळ फार असते.

मग गोदामांच्या रस्त्यावर ते झालं. एका फाटकातून मालाचा टेम्पो सरळ मागे मागे आला, ठकूच्या बाजूला. त्याला आम्ही दिसतच नव्हतो. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी हॉर्न. शांतबिंत सगळं विसरलो. मी ओरडत होतो, काय ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनात एकच होतं: आत्ता पोंऽऽ होणार आणि गप्प होणार.

हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. त्या सबंध रस्त्याला तेवढा एकच आवाज होता. टेम्पो आमच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला, चालक खाली उतरला, त्याने दोन्ही कान पकडले, तरी हॉर्न वाजतच होता. शेवटी ठकूने माझे हात उचलून बाजूला केले.  तिने ते आपल्या हातात धरून ठेवले.

मागून बॅगेआडून आवाज आला, "दाजी, हॉर्न चांगला आहे हं तुमचा."

मी उतरून मागे गेलो आणि ठकूला ब्रेक दाबायला सांगितलं. दोन्ही दिवे लागत होते. फ्यूज शाबूत! इतका तर मी उभ्या आयुष्यात चिडलो नव्हतो, म्हणजे रागाचा सिद्धान्त निकालात निघाला. घरी येईपर्यंत विचार करत होतो, आणि आता कारण कळलं आहे. ठकू गाडीत होती. बाकी काही नाही. अठरा वर्षांची गाडी आहे, तिला कळतं कुणासाठी वाजायचं ते.

घरी आल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने शिवणाचा डबा खुळखुळल्याचा आवाज आला आणि दोघी खदखदून हसायला लागल्या. बटणांत एवढं हसण्यासारखं काय असतं, देव जाणे. ठकू बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. तिने येऊन मला उगाचच पुन्हा मिठी मारली.

मग बॅग उघडून तिने माझ्यासाठी आणलेला स्वेटर काढला. मऊसूत, जाड, हात घातला की काढू नये असा. मी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

"वा!" म्हटलं. "लाल! अगदी आपल्या फ्यूजसारखा!"

 ठकूने आईकडे बघितलं. हिने मेहुण्याकडे बघितलं, कप हातात तसाच धरून. मेहुण्याने बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या स्वेटरकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग त्याने घसा खाकरला.

"लालच आहे, दाजी," तो म्हणाला. "एकदम लाल."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच माझ्याशी सहमत झाला. तसा वाईट नाही तो. स्वेटर अंगात आहे, गरम होतंय, पण काढवत नाही.